उंबरमाळचा कप्पा

बसा रं नीट. शेकोटीला पाय लावू नका. आणि प्रेरणा, तू भाताच्या राशीला टेकू नगंस, उद्या अंगाला खाज सुटली की आईला माझं नाव सांगशील. राखणीला आलोय, झोपायला न्हाई. रानडुकरं वरल्या माळावनं कवा उतरतील त्याचा नेम न्हाई, तवा जागं ऱ्हायचं, आणि तुमाला जागं ठेवायला म्या हाय.

भुताची सांगू म्हणता? धनाजी काय म्हणतोय बघा, तात्या, आता भुतं ऱ्हायली कुठं, डोंगरावर बी टावर झालं. व्हय का! तुला वाटतं टावर झाला म्हंजी त्यांची गैरसोय झाली? आरं लेका, सोय झाली सोय. आता ऐक, तुझ्या आवडीचीच सांगतो, कॉम्प्युटरातली. हसा, हसून घ्या. पण हे ज्याच्यावर बेतलं त्यो माझ्या मावसबहिणीचा पोरगा, आणि त्यानं सोताच्या तोंडानं मला सांगितलंय.

त्याचं नाव सोमेश्वर. आईसंगं वरवे बुद्रुकला ऱ्हातो, हायवेच्या अंगाला. नसरापूर ते भोर, कुणाचे बी कॉम्प्युटर आजारी पडले की ह्यालाच बोलावणं. पोरगं शांत, कामाला चोख. त्याची आई फुलाबाई, तीच माझी मावसबहीण. बाप लवकर गेला, तवा त्याला वाढवला मामानं. भिमा त्याचं नाव. भिमामामानं हाक मारली आणि सोमानं ओ दिली न्हाई, असं लहानपणापासनं कधी झालं न्हाई. जेवता जेवता उठून पळायचं पोर.

आता ही भिमाची माणसं उंबरमाळची. गुंजवणी नदीच्या वरच्या अंगाला धनगराची वाडी व्हती ती, चार-दोन घरं आणि मायंदाळ गुरं. व्हती म्हणतो, कारण धरणात गेली. तुमी पोरं गाडीवरनं त्या पाण्याचं फोटू काढता ना, त्याच्या खाली हाय ती.

आणि आमच्यात एक रीत हाय, ती आधी ध्यानात घ्या. एखादं ठिकाण कायमचं सोडायचं तर नुसतं उठून जायचं न्हाई. सामान निघालं, गुरं निघाली, की घरातलं थोरलं माणूस उंबऱ्यावर उभं ऱ्हातं आणि त्या घरात जी जी माणसं मेली त्यांना नाव घेऊन हाक देतं. चल गं आये, निघालोय. चल रं दादा, निघालोय. मंग पाठ फिरवायची आणि मागं बघायचं न्हाई. आणि एक कडक. हाक चालू असताना जित्या माणसानं ओ द्यायची न्हाई. कुणाचं बी नाव येऊ दे, तोंड मिटून ऱ्हायचं. का, ते कुणी सांगत न्हाई.

उंबरमाळ सुटली तवा हाक झालीच न्हाई. पाऊस कोसळत व्हता, पाणी चढत व्हतं, टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत व्हता. भिमा म्हणायचा, आपण आपली माणसं तितंच टाकून आलो. खाली नवं घर मिळालं, पण त्याचं मन काय लागंना. त्याच साली भोरच्या एका संस्थेची माणसं आली. धरणात गेलेल्या वाड्यांच्या म्हाताऱ्यांना बोलतं करायचं आणि आवाज धरून ठेवायचा, हे त्यांचं काम. भिमा त्यांच्यापाशी पोटभर बोलला. आणि फुडल्या उन्हाळ्यात पाणी उतरलं तवा म्हणाला, जरा वाडीवर जाऊन येतो. चिखलात त्याची जातानाची पावलं व्हती. येतानाची न्हाईत.

मढं बी गावलं न्हाई. फोटू म्हणशीला तर एक न्हाई, भिमाला फोटूचा तिटकारा. ऱ्हायला त्यो निस्ता आवाज, भोरला, त्या संस्थेच्या मशिनीत. फुलाबाई सोमाच्या मागं लागलेली, लेकरा, तुझं जाणं-येणं हाय तितं, भिमाचं बोलणं मोबाईलवर घेऊन ये, एकदा कानानं ऐकू दे, मंग माझे डोळे मिटले तरी चालतील. आणि ह्यो आज आणतो, उद्या आणतो. त्याला सोतालाच ऐकायचा धीर व्हत नव्हता, खरं कारण ते.

अशात संस्थेचे मानसिंगराव त्याला म्हणाले, सोमेश्वर, सर्व्हर गच्च भरलाय. नवं काम सुरू व्हतंय, जागा पायजे. उंबरमाळचा कप्पा काढून टाक.

कप्पा म्हंजी काय, ते त्यानं मला खाचराच्या हिशोबानं समजावलं. मशीन म्हंजी एक मोठं रान समज. त्याला आत बांध घालून वाटण्या पाडलेल्या, दर वाडीची एक. बांध खरा न्हाई, मशिनीनं मनानं मानलेला. एक वाटणी मोडली की तिची जागा परत सगळ्या रानाची झाली, आणि तिच्यात जे पेरलं व्हतं ते गेलं. पुन्हा म्हणून न्हाई.

सोमा म्हणाला, साहेब, आवाज दुसरीकडं ठेवलेत ना? मानसिंगराव माणूस भला, पण लई घाईचा. म्हणाले, सगळं लिहून काढून पुस्तक छापलंय की, आता आवाज ठेवून काय पुजायचेत का? सकाळी माणसं यायच्या आत मोकळं करून ठेव. झालं. म्हंजी त्या रात्री भिमाचं बोलणं काढून घेतलं तर घेतलं, न्हाईतर फुलाबाईचा भाऊ दुसऱ्यांदा मेला.

दोन सालामागची गोष्ट, मार्गशीर्षातली सोमवती अमावस्या. फुलाबाई म्हणाली, आज नगं जाऊस. ह्यो म्हणाला, आये, लोकं मशिनीवर नसत्यात तवाच हे काम करावं लागतं. आज मामाचा आवाज आणतोच बघ. जेवला, गाडी काढली आणि भोरला गेला.

संस्थेची जागा एका भाताच्या गिरणीच्या वर. गिरणी बंद, बाजारपेठ निजलेली. जिना चढून त्यानं कुलूप काढलं, आतल्या खोलीत गेला. तितं ते मशीन, घूं घूं करतंय. शेजारी एक पडदा, एक स्पीकर. लाईट लावली, खुर्ची ओढली.

त्याची एक पद्धत हाय, ती कधी मोडायचा न्हाई. कप्पा मोडायच्या आधी मशिनीला विचारायचं, ह्याच्या आत कोण हाय का? कुणी न्हाई म्हणालं की कप्पा उतरवायचा, म्हंजी येण्या-जाण्याची वाट बंद करायची. मंग त्याला झोपवायचा, आणि मंगच मोडायचा. माणसं आत असताना घर पाडायचं नसतं, एवढं साधं हाय, मामा, असं मला म्हणाला व्हता.

त्यानं विचारलं. आत कुणी न्हाई.

मंग त्यो सोता उंबरमाळच्या कप्प्यात शिरला. आत एकेका घराचा खण केलेला. वरनं पयलं कोंडिबाचं घर, मंग ठकुबाईचं, मंग सगुणाबाईचं, आणि ओढ्याच्या काठाला शेवटचं भिमाचं. वरली तिघं म्हातारी माणसं, बोलून गेल्यावर एकेक करून वारलेली. भिमाचा आवाज पेन ड्राईव्हवर घ्यायचा आणि निघायचं, एवढंच काम. पण हात थांबला. म्हणाला, आधी एकदा ऐकतो.

लावलं. आधी खोकला आला. भिमाचाच खोकला, विडीचा. सोमाच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. भिमा बोलत व्हता, हे माझं घर, हितं गोठा, ही आमची ढवळी गाय, लई मारकी. संस्थेची विचारणारी बाई हसत व्हती. ऐकता ऐकता ह्यो बी हसला. मंग बाई म्हणाली, बरं बाबा, आता थांबते. खट् झालं. पडद्यावरची रेघ टोकाला जाऊन थांबली. संपलं.

ह्यो डोळे पुसून उठणार...

तर भिमा बोलला.

बाई न्हाई. हसणं न्हाई. भिमा एकटाच. आवाज लांबनं, मोकळ्या रानातनं यावा तसा. पडद्यावर रेघ थांबलेलीच.

"चल रं कोंडिबा... निघालोय."

सोमा उठता उठता परत खुर्चीत बसला.

"चल गं ठकुबाई... निघालोय."

"चल गं सगुणा..."

आरं, भिमा बोलला तवा ही माणसं जित्ती व्हती! त्यांची हाक त्यानं कशी द्यावी? पण हे कळायला डोकं ठिकाणावर लागतं. सोमाचं कुठलं असतंय. त्यो नुसता ऐकत व्हता. आणि मंग अगदी जवळनं, जेवायला हाक मारावी तसा...

"सोमेश्वर."

आणि पोरानं जन्मभर जे केलं तेच केलं.

"ओ, मामा."

...

स्पीकर बंद. मशिनीची घूं घूं बंद. सगळं गप्प.

काय करून बसलो ते त्याला उमगलं. तोंडावर हात ठेवला, पण निघालेला शब्द परत आत जातोय व्हय? जरा वेळानं मशीन पुन्हा घूं घूं करायला लागलं. त्यानं सोताला दटावलं. म्हणाला, मनाचे खेळ हायेत, आवाज घे आणि काम उरक. पेन ड्राईव्ह लावला. मशीन म्हणालं, देत न्हाई, वापरात हाय. बरं, आधी दुसरा आवाज घेऊ म्हणून कोंडिबाचा मागितला. वापरात हाय. मशिनीला विचारलं, कोण वापरतंय?

पडद्यावर एक नाव आलं. सोमेश्वर.

त्याला हसू आलं. ही चूक नवशिकी पोरं करत्यात. आपणच त्या कप्प्यात उभं असतो आणि बाहेरनं वाट बंद करायला बघतो. म्हणाला, येडाच हाय मी. त्या कप्प्यातनं बाहेर आला. पुन्हा विचारलं.

सोमेश्वर. आत.

मशिनीवरनं आपलं नाव काढलं, पुन्हा घातलं. आता दोन सोमेश्वर दिसाया लागले. एक बाहेर, ह्या खुर्चीवरचा. एक आत. कोंडिबाच्या घरात.

पुन्हा विचारलं.

आतला ठकुबाईच्या घरात.

समजलं का? कुणीतरी त्याच्या नावानं घराघरातनं चाललं व्हतं. वरनं खाली. ओढ्याकडं.

आणि सोमाचे पाय गार पडले. गार म्हंजी, चिखलात घातल्यागत. खाली बघितलं तर फरशी कोरडी ठणठणीत. पण घोट्यापतूर चिखल लागतोय. बोटांच्या मधनं वर येतोय. पाय उचलायला गेला. उचलंना.

विचारलं. सगुणाबाईच्या घरात.

गुडघ्यापतूर.

आता शेवटचं घर तेवढं ऱ्हायलं. भिमाचं. त्याच्या फुडं ओढा... आणि ओढ्याच्या फुडं वाडीचं मसणवट, ते उंबरमाळच्या माणसाला सांगाया नगं.

एक उपाय व्हता. मशिनीला हुकूम सोडायचा, आत जो कोण असंल त्याला ठार कर. त्या कॉम्प्युटरवाल्यांच्यात असाच हुकूम असतोय, मारून टाक म्हणायचा. एका ओळीचं काम. त्यानं ओळ लिहिली. बोट वर धरलं. आणि ध्यानात आलं की ज्याला मारायचं त्याचं नाव सोमेश्वर हाय.

बोट तसंच ऱ्हायलं. ओळ पुसली. आईला फोन लावला.

"आये..."

"काय रं? काय झालं?"

"मामानं हाक मारली."

मंग फुलाबाई म्हणाली, "ओ दिलीस?"

ह्यो पडद्यावरच्या आपल्या नावाकडं बघत बसला.

"सोमा, ओ दिलीस का?"

"...व्हय."

फुलाबाईनं हंबरडा फोडला असता, दुसरी कुणी असती तर. ती न्हाई रडली. म्हणाली, "थांब. फोन ठिवू नगंस. म्या उंबऱ्यावर जाते." दार उघडल्याचा आवाज आला, हायवेच्या गाड्यांचा आला. "बसले. आता कोन कोन हाय तितं, मला सांग."

"कोंडिबा, ठकुबाई, सगुणाबाई... मामा. आनि मी."

"म्या समद्यांना हाक देते. तवा व्हायची ऱ्हायली, ती आता व्हईल. तू तोंड उघडायचं न्हाई. तुझं नाव घेतलं तरी न्हाई. कळलं?"

"आये, समदी निघून गेली तर मामाचा आवाज बी जाईल. म्या अजून घेतला न्हाई गं. तुझ्यासाठी घ्यायचा व्हता..."



"जाऊ दे," ती म्हणाली. "भिमा माझा भाऊ व्हता. तू माझा लेक हायस. जाऊ दे त्याला."

आणि तिनं हाक दिली. वरव्यात, आपल्या दारात बसून, काळोखात.

"चल रं कोंडिबा, निघालोय."

पडद्यावर कोंडिबाचा खण रिता झाला. त्यानं हात बी लावला नव्हता.

"चल गं ठकुबाई, निघालोय." रिता.

"चल गं सगुणा, निघालोय." रिता.

चिखल मांडीपतूर आला व्हता. आतला सोमेश्वर भिमाच्या घरात शिरला व्हता.

"चल रं भिमा..." हितं मात्र तिचा आवाज फाटला. "चल रं माझ्या भावा. लई दिस ऱ्हायलास. निघालोय आपण."

स्पीकरमधनं खोकला आला. एकदाच. मंग भिमाचा खण रिता.

ऱ्हायला एक.

"चल रं सोमेश्वर. निघालोय."

ह्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. दात हाताच्या चामड्यात रुतले. जीभ आतल्या आत वळवळत व्हती, ओ म्हणायला, आईच्या हाकेला ओ न्हाई द्यायची म्हंजी... डोळे मिटले. गप्प. गप्प...

आणि स्पीकरमधनं कुणीतरी म्हणालं,

"ओ, आये."

त्याच्याच आवाजात.

...

डोळे उघडले तर पाय मोकळे. मशिनीला विचारलं, आत कोण हाय का? कुणी न्हाई. कप्पा उतरला, लोण्यागत. झोपवला. मंग मशिनीनं आपला नेहमीचा सवाल टाकला, खरंच मोडायचा का, हो का न्हाई? त्यानं हो म्हणून सांगितलं. मोडला. आणि उठला त्यो मागं न बघता थेट जिना उतरला. लाईट चालू, दार सताड उघडं. दुसऱ्या दिवशी मानसिंगराव त्यावरनं ह्याला वाट्टेल ते बोलले. पण जागा मोकळी झाली म्हणून खूश बी झाले.

वरव्यात पोचला तर फुलाबाई उंबऱ्यावर तशीच बसलेली, फोन कानाला. त्यानं तिच्या मांडीत डोकं खुपसलं आणि तवा कुठं ती रडली. भावासाठी रडली का लेकासाठी, तिची तिलाच ठाऊक. त्याच्या हातावर दातांचे वळ व्हते. चपला, पँट, सगळं कोरडं. त्याला वाटलं, सुटलो.

सुटला बी म्हणा. आज बघाल तर धडधाकट हाय. हसतो, खातो, मला शिव्या बी देतो. समोर बसून बोलला की झ्याक ऐकू येतं. फोनवर बोलला तरी येतं. पण त्याचा आवाज कशात ठरत न्हाई. मोबाईलमधी बोलून पाठवलं की कोरं. त्याच्या चुलतबहिणीच्या लग्नात शूटिंग केलं, सगळ्यांचा गलका हाय त्यात, आणि ह्याचे नुसते ओठ हलत्यात. नवा फोन घेऊन बघितला, दुसऱ्याचा घेऊन बघितला. न्हाई म्हंजी न्हाई. म्हणून फुलाबाई रोज सांजच्याला त्याला फुड्यात बसवते आणि बोलायला लावते, काय बी बोल म्हणते. म्हणते, ठिवायला येत न्हाई, तर जिवंतपणी ऐकून तरी घेते. आणि बोलता बोलता त्याच्या तोंडाकडं असं निरखून बघते, की म्या तितं बसलेलो असलो तर मला नजर खाली घालावी लागते. ती काय शोधते ते मी तिला कधी विचारलं न्हाई. माझी छाती व्हत न्हाई.

धनाजी, तुला पटत न्हाई ना? घे हा माझा मोबाईल. परवा त्यानं मला बोलून पाठवलंय, भात झोडायला कवा येऊ म्हणून विचारलं असंल. सोमेश्वरचं नाव हाय बघ वर. लाव. प्रेरणा, तू आवाज वाढव, आणखी वाढव...

गप्प ऱ्हावा सगळी.

...

चालू हाय ना? आकडं फुडं सरकत्यात ना?

...

कान जवळ न्या. अजून जवळ.

...

संपलं. द्या हिकडं.